हळदीचा पॅड आणि रुपेरी डबी



आमच्या कोळीवाड्यात रात्री हळद असली की दुसऱ्या दिवशी माझा अर्धा वर्ग पेंगत असतो. अलिबाग, रेवदंडा, मुरुड या बाजूला राहणाऱ्यांना हे सांगायला नकोच. बाकीच्यांसाठी सांगते. हळदीला आमच्याकडे बेंजो पार्टी येते. बेंजो, कीबोर्ड, ढोल आणि त्यांच्या जोडीला एक पॅड. पॅड म्हणजे आठ रबरी चौकोन असलेली चपटी पेटी. काठी मारली की ढोलकी वाजते, आणि बटण दाबून आवाज बदलला की त्याच चौकोनातून भांडी पडतात!

गेल्या लग्नसराईत चौथीतला एक मुलगा गणिताच्या तासाला दोन पेन्सिलींनी बाकावर तोच ठेका धरून बसला होता. मी ओरडले, "बंद कर तो गोंगाट! त्यात संगीत कुठं आहे?" तो थांबला. मग चार दिवस माझ्याशी बोललाच नाही. त्याचा काका बेंजो पार्टीत पॅड वाजवतो, हे मला नंतर कळलं. (बाईंनाही काही गोष्टी उशिराच कळतात बरं का!)

आता त्याची समजूत कशी काढायची? तेव्हा मला एक जुनी रेकॉर्ड आठवली. तिची गोष्ट मी वर्गात सांगितली, तीच आज तुम्हाला सांगते.

मुंबईत चरणजित सिंग नावाचे एक वादक होते. हिंदी सिनेमाच्या गाण्यांत ते गिटार वाजवायचे, कीबोर्ड वाजवायचे, आणि स्वतःचा ऑर्केस्ट्रा घेऊन लग्नांतही वाजवायचे. म्हणजे आमच्या पॅडवाल्या काकांचे भाऊबंदच म्हणा ना! त्यांना नव्या वाद्यांची भारी हौस. त्या वेळी अगदी नवी असलेली तीन यंत्रं त्यांनी मिळवली. ज्युपिटर-८ हा मोठा कीबोर्ड, टीआर-८०८ ही ताल धरणारी पेटी आणि टीबी-३०३ ही चिमुकली रुपेरी डबी. तिन्ही जपानच्या रोलँड कंपनीची. हळदीतला 'ऑक्टापॅड' काढला तोही याच कंपनीनं.

१९८२ साल होतं. सिनेमात जिकडेतिकडे डिस्को. चरणजित सिंगांच्या मनात आलं, डिस्कोचा ठेका घ्यायचा, तबला बंद करायचा आणि वर आपले राग वाजवायचे. भैरव, ललित, भूपाळी, तोडी, यमन, मालकंस असे दहा राग त्यांनी वाजवले. कुणी गायक नाही, तबलजी नाही. एक माणूस आणि तीन यंत्रं. 'टेन रागाज टु अ डिस्को बीट' या नावानं एचएमव्हीवाल्या ग्रामोफोन कंपनीनं ती रेकॉर्ड काढली. पण ती फारशी कुणी घेतलीच नाही.

त्या रुपेरी डबीचंही तसंच झालं. एकट्यानं गिटारची तालीम करणाऱ्याला खालच्या सुरांची साथ मिळावी, म्हणून ती बनवली होती. पण तिचा आवाज खऱ्या गिटारसारखा मुळीच नव्हता. १९८४ मध्ये कंपनीनं ती बनवणं थांबवलं. जुन्या डब्या स्वस्तात विकल्या जाऊ लागल्या.

तिचा आवाज कसा होता, ते घरीच करून पाहा. एकच सूर धरा आणि 'ऊ' म्हणा. सूर न सोडता हळूहळू 'आ'वर या, मग 'ई'वर. सूर तोच राहिला, पण आवाजाचा रंग बदलला ना? डबीवरची फिरकी हेच करते. शिवाय ती एका सुरावरून दुसऱ्यावर घसरत जाऊ शकते, आपल्या मींडेसारखी. डीएडला असताना मी पेटीवर प्रार्थना बसवायची. पेटीला मींड जमत नाही, तिचा सूर पायरीवरून उडी मारतो. राग वाजवणाऱ्याला ही डबी का आवडली असेल, ते मला पेटीमुळेच कळलं.

आता दूर अमेरिकेतल्या शिकागोला चला. तिथल्या तीन मित्रांनी 'फ्युचर' नावाचा गट काढला होता. अशीच एक वापरलेली ३०३ त्यांच्या हाती आली. ती कशी चालवायची ते नीट माहीत नव्हतं, म्हणून ती वाजत असतानाच ते फिरक्या पिळत बसले! ते ध्वनिमुद्रण त्यांनी तिथल्या एका नाचाच्या क्लबात नेलं. ते सांगतात, पहिल्यांदा वाजलं तेव्हा लोक नाचायचे थांबून बाजूला झाले. वाजवणारा मात्र हट्टी. त्यानं त्याच रात्री ते चार वेळा लावलं आणि चौथ्या वेळी लोक बेभान नाचले. १९८७ साली 'ॲसिड ट्रॅक्स' नावानं त्याची छोटी रेकॉर्ड निघाली. फक्त तीन तुकडे, त्यातला पहिला दहा मिनिटांहून लांब. त्यातून नाचाच्या संगीताचा एक नवा प्रकारच जगभर पसरला. त्याला 'ॲसिड हाउस' म्हणतात.

वर्गात लगेच हात वर झाले. "बाई, म्हंजे त्यांनी आपलं चोरलं?"

नाही रे बाबांनो. आपल्याकडेच न खपलेली रेकॉर्ड शिकागोच्या त्या मुलांनी कुठून ऐकणार? तारखा पाहिल्या तर चरणजित सिंग पाच वर्षं आधी, हे खरं. पण नवा प्रकार काढायचा म्हणून ते बसलेच नव्हते. डबी तीच होती, आणि दोन टोकांच्या लोकांनी तिच्यातून वेगवेगळ्या वाटेनं जवळपास तोच आवाज काढला. मला तर ही गोष्ट चोरीपेक्षा जास्त मजेची वाटते.

२००२ साली एका डच संग्राहकाला दिल्लीत ती जुनी रेकॉर्ड सापडली. २०१० मध्ये त्यानं ती पुन्हा काढली, तेव्हा कुठं जगानं कान टवकारले. सत्तरी ओलांडलेले चरणजित सिंग मग युरोपात जाऊन वाजवून आले. २०१५ साली ते मुंबईत वारले.

गोष्ट झाल्यावर मोबाइलला स्पीकर जोडून मी वर्गाला त्यातला भैरव ऐकवला. खरं सांगते, मला त्यातला मालकंस अजून पचत नाही, पण भैरव छान आहे. आमचा रुसलेला वादक मान खाली घालून ऐकत होता. बऱ्याच वेळानं बोलला, "बाई, यात ढोलकी नाय. मी घालू?"

गणिताचा तास संपायला सात मिनिटं होती. "घाल," म्हटलं, आणि फळ्यावरचा भागाकार पुसून टाकला.