ताजी भाजी वस्तीच्या दारात हवी

१ जून ते ३१ जुलै समुद्रात यांत्रिक नौकांच्या मासेमारीला बंदी असते. रत्नागिरीच्या मिरकरवाडा बंदरात नौका शाकारून ठेवलेल्या असतात, खलाशी गावाकडे गेलेले असतात. मासळी निवडून किंवा डोक्यावर टोपली घेऊन दारोदार विकून ज्या बायका घर चालवतात, त्यांच्या हातात येणारा रोजचा पैसा थांबतो. नेमकी याच दिवसांत शहरात भाजी कडाडते. रत्नागिरीच्या बाजारातली बरीचशी भाजी कोल्हापूर-बेळगावकडून घाट उतरून येते. पावसाने जोर धरला की गाड्या उशिरा येतात आणि माल वाटेतच भिजून सडतो. जुलै २०२१ मध्ये तर आंबा घाटातला रस्ताच खचला आणि अवजड वाहतूक बंद करावी लागली. हातात मजुरी नाही, ताटात ताजी मासळी नाही आणि भाजीला हात लावण्याची सोय नाही. ज्या घरांवर हे सगळं एकदमच येतं, त्यांच्या जेवणाबद्दल आज लिहितो आहे.

रेशनवर अन्नसुरक्षा योजनेत माणशी महिन्याला पाच किलो धान्य मिळतं आणि २०२३ पासून ते मोफत आहे. म्हणजे भात शिजतो. त्याच्याबरोबर कुळथाची पिठी असते, सुकट असते, नाहीतर बटाटा. पिठी आणि सुकट हे कसदार अन्न आहे, त्याला कुणी नावं ठेवू नयेत. पण दिवसचे दिवस ताटात हिरवं पान येत नाही. जागतिक आरोग्य संघटना माणशी रोज किमान ४०० ग्रॅम भाज्या-फळं खायला सांगते आणि त्यात बटाटा धरत नाही. पाच माणसांच्या घराला रोजचे दोन किलो झाले. पावसाळ्यातल्या भावाने रोज दोन किलो भाजी घेणं कोणत्या मजुराला जमेल? राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या २०१९-२१ च्या पाहणीत महाराष्ट्रातल्या १५ ते ४९ वयाच्या निम्म्याहून अधिक स्त्रियांना रक्तक्षय आढळला. लोहाच्या गोळ्या वाटणं आवश्यकच आहे, पण रोजचं ताट असं कोरडं राहिलं तर गोळ्यांनी किती भागणार?

मला सर्वात जास्त टोचतं ते पुढचं. घाटावरची भाजी महागते, त्याच महिन्यांत आपल्या गावांत भाजीला तोटा नसतो. टाकळा, कुर्डू, भारंगी, फोडशी, अळू रानात आणि परड्यात आपसूक येतं. श्रावण लागेपर्यंत मांडवावर पडवळ, दोडकी, काकडी, कारली लोंबायला लागतात. आसपासच्या गावांतल्या बायका पहाटे उठून हे खुडतात, केळीच्या सोपाने जुड्या बांधतात आणि सकाळच्या एसटीने शहरात येतात. डोक्यावर प्लॅस्टिक किंवा छत्री, पुढ्यात गोणपाट आणि त्यावर वाटे मांडलेले. वजनकाटा नसतो, वाट्याचा भाव असतो. आदल्या संध्याकाळपर्यंत वेलावर असलेली ही भाजी असते. इतकी ताजी भाजी मोठ्या दुकानाच्या शीतपेटीतही मिळणार नाही.

पण त्या बसतात मुख्य बाजारात नाहीतर मारुती मंदिर परिसरात रस्त्याकडेला. गिऱ्हाईक तिथे आहे, त्यांचं काही चुकत नाही. दुपारची गाडी गाठायची म्हणून उरलेले वाटे मिळेल त्या भावाला देऊन त्या उठतात. राजिवडा किंवा कोकणनगर अशा वस्तीतली बाई कामावरून सुटते तेव्हा बाजारात येण्याजाण्याच्या रिक्षाभाड्यातच भाजीचे पैसे जातात. मग ती कोपऱ्यावरच्या दुकानातून अर्धा किलो कांदे-बटाटे घेते. संध्याकाळी वस्तीत हातगाडी आलीच, तर तिच्यावर बाजारात दोन दिवस पडून राहिलेला माल असतो. विकणारी आणि घेणारी दोघी याच शहरात आहेत, त्यांची गाठ तेवढी पडत नाही. ही गाठ घालून देणं नगरपरिषदेचं काम आहे, असं माझं ठाम मत आहे.

हे जमतं. ब्राझीलमधल्या बेलो होरिझोंते शहराच्या पालिकेने १९९३ पासून अन्नपुरवठा स्वतःची जबाबदारी मानली. आसपासच्या छोट्या शेतकऱ्यांना शहरात थेट विक्रीसाठी ठरलेल्या जागा दिल्या. मोक्याच्या जागी परवाना घेणाऱ्या विक्रेत्यांना आठवड्याच्या शेवटी गरीब वस्त्यांत माल नेण्याची अट घातली. आपल्याकडेही कायद्याची वाट पाहायची गरज नाही. महाराष्ट्राने २०१६ मध्ये फळं-भाजीपाला बाजार समितीच्या नियमनातून मोकळा केला आणि त्याच वर्षी संत सावता माळी यांच्या नावाने शेतकरी आठवडे बाजारांची मोहीम सुरू केली. २०१४ चा पथविक्रेता कायदा शहर फेरीवाला समिती नेमायला सांगतो आणि तिच्यात किमान ४० टक्के सदस्य विक्रेत्यांचेच असावेत असंही सांगतो. फक्त विक्रेत्यांचं सर्वेक्षण होईल तेव्हा वर्षातून चार महिनेच येणारी गावची बाई यादीतून सुटू नये, हे डोळ्यांत तेल घालून पाहावं लागेल. तिच्याकडे गाडी नाही, पाटी नाही. ती मोजणाऱ्याच्या नजरेत भरत नाही.

रस्त्यात गर्दी होईल, बाजारातल्या व्यापाऱ्यांचं गिऱ्हाईक तुटेल, असं म्हटलं जाईल. गर्दीचा प्रश्न जागा नीट निवडली तर सुटतो. आणि वस्तीतली जी बाई आज भाजी घेतच नाही, ती कुणाचं गिऱ्हाईक तोडणार आहे?

नगरपरिषदेकडे मागणं मोठं नाही. राजिवडा, मिरकरवाडा आणि कोकणनगर इथे एकेक जागा ठरवा. वर पत्र्याची शेड, खाली पाणी न साचणारा ओटा, प्यायच्या पाण्याचा नळ आणि बायकांसाठी स्वच्छ शौचालय एवढं द्या. आठवड्यातून दोन दिवस, दुपारी तीन ते सात, गावच्या बायकांना तिथे विनाशुल्क बसू द्या. एसटीने त्या दोन दिवशी परतीच्या गाड्यांची वेळ जुळवून द्यावी. बचतगटांनी गावात माल एकत्र करून एकच टेम्पो केला तर भाडंही वाचेल. येत्या १ जूनच्या आधी यातली एक तरी जागा सुरू करा.