पिवळी तगर, निळी तगर

गेल्या चैत्रापासून आमच्या घरी पूजेच्या वेळी एक छोटासा तंटा होऊ लागला होता. आई परडी घेऊन अंगणात जायची आणि परत येऊन म्हणायची, "यंदा तगर अशी पिवळट का फुलतेय रे?" तगर तर दुधासारखी पांढरी होती. काही दिवस आम्ही दोघांनी तो आळ नगरच्या धुळीवर घातला. (आमच्या गावात काहीही बिघडले की ते धुळीवर ढकलता येते, ही मोठीच सोय आहे.) शेवटी डॉक्टरांनी निदान केले : दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू.

शस्त्रक्रियेला मात्र आई तयार होईना. "आहे ते दिसतंय. तेही गेलं तर?" या एका प्रश्नापुढे माझे सारे वक्तृत्व लटके पडे.

नेमके त्याच दिवसांत महाविद्यालयाच्या ग्रंथालयातून मी क्लोद मोने या फ्रेंच चित्रकाराच्या चित्रांचे एक जाडजूड पुस्तक आणले होते. मराठीच्या मास्तराने चित्रकलेत नाक खुपसू नये, हे कबूल. पण या गृहस्थाची बाग मला चित्रांइतकीच आवडते. १८८३ साली तो जिव्हेर्नी नावाच्या खेड्यात राहायला आला. दहा वर्षांनी रेल्वेरुळांपलीकडची जागा घेऊन त्याने तिथे तळे केले आणि त्यात कमळांच्या जातीची रंगीत फुले लावायचे ठरवले. गावकरी बिथरले. ही परदेशी झाडे पाणी नासवतील, अशी त्यांना धास्ती! पुढे रस्त्यावरून मोटारी धावू लागल्या, फुलांवर धूळ बसू लागली, तेव्हा पानेफुले स्वच्छ ठेवण्यासाठी माळी होडीतून फिरे. आणि रस्त्यावर डांबर घालायला मोनेने पदरचे पैसे दिले. हा माणूस नगरला असता तर कंगालच झाला असता! आपल्याकडे कोल्हापूरचे आबालाल रहिमान कोटितीर्थाच्या काठी असेच रमले होते. पण मोनेने तळे आधी स्वतः केले आणि मग जवळजवळ तीस वर्षे तेच रंगवले.

१९१२ साली त्याला मोतीबिंदू असल्याचे कळले. हळूहळू रंग ओळखेनासे झाले. नळीवरचे नाव वाचून तो रंग घेऊ लागला, पाटीवर कोणता रंग कुठे ते ठरवून ठेवू लागला. तळ्यावरचा तोच लाकडी पूल त्याने या काळात पुन्हा पुन्हा रंगवला. आधीच्या चित्रांत तो कसा हिरवागार, शांत! इथे मात्र तांबडे, नारिंगी, तपकिरी फटकारे एकमेकांत गुंतलेले. पूल कुठला आणि वेल कुठली, कळू नये. मी मनात म्हटले, बिचाऱ्याचे म्हातारपण! आणि पान उलटणार, तोच आईने पुस्तक ओढून घेतले. खिडकीपाशी नेले, डोळ्यांना लावले, बराच वेळ पाहिले.

"हे बरोबर आहे," ती म्हणाली. "मला असंच दिसतं."

मी गप्प बसलो. आई तीन महिने जे सांगत होती आणि मी धुळीवर ढकलत होतो, ते त्या पानावर होते.

मग तिनेच विचारले, "ह्याने केलं का ऑपरेशन?" केले, पण फार उशिरा. मेरी कॅसट ही त्याच्या परिचयातली चित्रकर्ती. तिच्या शस्त्रक्रिया फसल्या होत्या, त्यामुळे त्याने धसका घेतला होता. क्लेमांसो हा फ्रान्सचा माजी पंतप्रधान आणि मुळातला डॉक्टर. या दोस्ताने पिच्छा पुरवला, तेव्हा १९२३ च्या जानेवारीत, वयाच्या ब्याऐंशीव्या वर्षी, उजवा डोळा झाला. डोके हलू नये म्हणून दोन्ही बाजूंना वाळूच्या पिशव्या! म्हातारा इतका चिडला की पट्ट्या ओढू लागला. डोळ्यात कृत्रिम भिंग बसवण्याची सोय तेव्हा नव्हती. ती पहिली शस्त्रक्रिया लंडनमध्ये १९४९ साली रिडले यांनी केली. मोनेच्या नशिबी जाड चष्मा आला. पुढे त्याला सारे निळे दिसू लागले.

आईचा उजवा डोळा श्रावणात झाला. वाळूच्या पिशव्या नाहीत, काही नाही, संध्याकाळी घरी. चार दिवसांनी अंगणातून हाक आली : "अरे, तगर निळी झालीय!"

तेव्हापासून तिला एक नवा खेळ सापडला आहे. एक डोळा मिटला की तगर पिवळी, दुसरा मिटला की निळसर. मोनेनेही त्याच काळात गुलाबांच्या बागेतून दिसणारे आपले घर अनेकदा रंगवले. त्यांतली काही चित्रे निळी, काही तांबूस. दोन डोळ्यांनी वेगवेगळी पाहिली असावीत, असा अभ्यासकांचा एक तर्क आहे. आईला त्यात तर्क करण्याजोगे काही वाटले नाही. तिची काळजी दुसरीच होती.

"त्याच्या दुसऱ्या डोळ्याचं काय झालं?"

"हात लावू दिला नाही त्याने. चष्म्याची ती काच झाकून रंगवायचा."

आणि तसेच त्याने कमळांचे ते प्रचंड पट हाती घेतले, पुन्हा पुन्हा दुरुस्त केले. १९१८ चे युद्ध थांबताच देशाला देऊ केलेले ते पट जिवंतपणी त्याच्या हातून सुटले नाहीत. १९२६ च्या डिसेंबरात तो गेला आणि पुढच्या मे महिन्यात पॅरिसच्या ऑरांजरीत, दोन लंबगोल दालनांत, ते लोकांना पाहायला मिळाले.

आईने पुस्तक मिटले. लक्ष्मीपूजनासाठी आणलेल्या शेवंतीच्या ढिगातून किडकी फुले बाजूला काढता काढता म्हणाली, "माझी डाव्याची तारीख तुळशीच्या लग्नानंतरची घे. आधी नको, माळा व्हायच्यात."