हाताचे अक्षर, छापील कलम

भाचीच्या निकाहचा दावतनामा छापायला आम्ही सदाशिव पेठेतल्या एका छापखान्यात गेलो होतो. भाचीची एकच अट होती. "खाला, कार्ड छापील वाटायला नको. कुणी ब्रशने सहज लिहिल्यासारखे दिसू दे."

संगणकावर चार-पाच फॉन्ट पाहिले. अशा अक्षराची रेघ ब्रश टेकतो तिथे जाड, उचलतो तिथे निमुळती होते. अक्षरे थोडी तिरकी, शिरोरेषा कुठे वाकडी, कुठे तुटलेली. पाहताच आपलेपणा वाटतो. भाची खूश, आम्हीही खूश. सगळे कार्ड त्याच अक्षरात करायचे ठरवून प्रूफ घरी आणले.

फुफीने चष्मा लावला. "निकाह एकोणतीसला का गं? आणि हे रवान कोण?"

तारीख २१ होती आणि आडनाव खान! आम्ही हसलो खरे, पण लगेच काळजी वाटली. प्रूफ घरी आणले नसते, तर फुफी आठ दिवस उशिरा आली असती.

वाचकहो, दोष फुफीच्या डोळ्यांचा नव्हता. आपल्या लिपीत पुष्कळ अक्षरे एवढ्या-तेवढ्या फरकाने ओळखू येतात. 'म' आणि 'भ', 'घ' आणि 'ध' यांत शिरोरेषेतली फट आणि एक छोटीशी गाठ एवढाच फरक. 'ख'चे दोन भाग खाली जोडलेले नसले की 'रव' होतो. १ आणि ९ चेही तसेच. ब्रशचा फटकारा नेमक्या याच खुणा पुसतो. मोठ्या अक्षरात दोन शब्द असतील तर चालते. बारीक अक्षरात पत्ता लिहिला की घोटाळा होतो.

म्हणून आम्ही वाटणी केली. 'दावतनामा' हा शब्द आणि वधू-वरांची नावे ब्रशच्या अक्षरात. तारीख, वेळ, पत्ता, फोन साध्या, सरळ अक्षरात. हस्ताक्षराचा भास हवा आणि वाचताही यायला हवे, तर 'कलम' नावाचा फॉन्ट पाहावा. इंडियन टाइप फाउंड्रीने तो देवनागरी आणि रोमन अशा दोन्ही लिप्यांसाठी केला आहे आणि तो मोफत मिळतो. त्याचे वळण ब्रशपेक्षा बॉलपेनचे आहे, म्हणून अक्षर सुटे आणि स्वच्छ राहते. कलम हा शब्द उर्दूचा तसाच मराठीचाही, हे आम्हाला विशेष आवडले.

तरी फॉन्ट म्हणजे हात नव्हे. फॉन्टमधला प्रत्येक 'अ' बहुधा अगदी सारखा असतो. माणसाच्या हातचे दोन 'अ' कधीच सारखे नसतात. याच पेठेत १९१० साली स्थापन झालेले भारत इतिहास संशोधक मंडळ आहे. तिथे मोडी आणि फारसी कागद जपले आहेत. मोडी लिहिणारा आधी कागदभर रेघ ओढायचा आणि मग बोरू फारसा न उचलता अक्षरे लिहीत जायचा. ते वळण घाईतून आणि सरावातून आले होते, शोभेसाठी नव्हे.

शेवटी पाकिटांवरची नावे भाचीने स्वतः लिहिली, मराठीत आणि उर्दूत. फुफी कार्डापेक्षा ते पाकीटच सर्वांना दाखवत होती.

घरात कार्ड छापायचे असेल, तर एवढे करा: प्रूफ आधी घरातल्या सर्वांत वयस्कर माणसाच्या हातात द्या, आणि तारीख त्यांना मोठ्याने वाचायला सांगा.