कडेची घोटाई आणि कारागिराची छाती

आपले बरेच बांधव ग्रॅनाइट, कडप्पा, संगमरवराच्या धंद्यात आहेत. ओट्याच्या कडेला हाफ राउंड हवे की फुल राउंड, यावर गिऱ्हाईक तासभर घासाघीस करते आणि रनिंग फुटाचा भाव ठरतो. त्या भावात पाण्याचा हिशेब कोणी धरत नाही, ही आमची तक्रार आहे.

कड कोरडी घासली की काम लवकर उरकते. पण ग्रॅनाइटमध्ये सिलिका असते. तिची बारीक धूळ फुफ्फुसात बसली की सिलिकोसिस जडतो आणि तो बरा होत नाही. संगमरवर त्या मानाने सौम्य (लिंबाने त्याची चकाकी जाते, हे मात्र विकणाऱ्याने आधीच सांगावे). कृत्रिम क्वार्ट्‌झ सर्वांत घातक. त्यात सिलिका ९० टक्क्यांवरही असते. ऑस्ट्रेलियाने १ जुलै २०२४ पासून तो बंदच केला.

तोंडाला रुमाल बांधून ही धूळ अडत नाही. पाण्याची नळी, ओले पॅड आणि चांगला मास्क यांचा खर्च दुकानदाराने भावात धरावा व गिऱ्हाइकाला तसे बिलावर लिहून द्यावे. ज्याला आपण उस्ताद म्हणतो त्याच्याकडून कोरडी घोटाई करून घेणे आम्हाला पटत नाही. ओल्या कामाला हवेवर चालणारा ग्राइंडर उत्तम. विजेचा असेल तर तो ओल्या कामासाठीच बनवलेला असावा आणि अर्थिंग आधी तपासावे.