श्रेय बाप्पाचं, प्लेटलेट कुणाच्या?

पावसाळ्यातल्या पुण्यात कुठल्याही ऑफिसात घडतो तो प्रसंग. शेजारच्या टेबलावरच्या सहकाऱ्याला डेंगी होतो, प्लेटलेट घसरतात, त्याला अतिदक्षता विभागात हलवतात. ऑफिसच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर जोडलेल्या हातांची रांग लागते. कुणी दगडूशेठला अभिषेक बोलतं, कुणी चर्चमध्ये मध्यस्थीच्या प्रार्थनेसाठी त्याचं नाव देतं. आठवड्याभराने तो घरी येतो आणि ग्रुपवर निकाल लागतो : ‘बाप्पा पावला!’

माझं भांडण या निकालाशी आहे. जोडलेल्या हातांशी नाही.

आधी पूर्वपक्ष. श्रद्धावान म्हणतात, ‘डॉक्टर, औषध ही निमित्तं. हाताला यश देणारा तोच. श्रेय त्याला दिलं तर तुमचं काय जातं?’ बोलणं नम्र आहे, पण मग डास धाडणाराही तोच ठरतो. शिवाय शेजारच्या खाटेवरच्या रुग्णासाठीही कुणीतरी उपास धरलेला असतो आणि तो दगावतो. तिथे आपण ‘देवाची इच्छा’ म्हणून मोकळे होतो. वाचला तर कृपा, गेला तर इच्छा. जमेच्या बाजूला नोंदीच नोंदी आणि नावे बाजू कायम कोरी, अशी वही पेठेतला साधा किराणा दुकानदारही मान्य करणार नाही. यात खरी इजा होते ती गेलेल्याच्या बायकोला. ‘आमचीच प्रार्थना कमी पडली का?’ हा प्रश्न तुमच्या ‘पावला’ने तिच्या पदरात टाकलेला असतो.

‘पण प्रार्थनेचा गुण विज्ञानानेही मानलाय,’ असं कुणीतरी म्हणतंच. ध्यानाच्या लाभांचे पुरस्कर्ते असलेले हार्वर्डचे डॉ. हर्बर्ट बेन्सन यांनी अमेरिकेतल्या सहा रुग्णालयांत बायपास झालेल्या १,८०२ रुग्णांवर हेच तपासलं. निष्कर्ष २००६ मध्ये प्रसिद्ध झाले. ज्यांना आपल्यासाठी प्रार्थना होते आहे की नाही हे ठाऊक नव्हतं, त्यांच्यातल्या प्रार्थना झालेल्या गटात ५२ टक्के रुग्णांना गुंतागुंत झाली, न झालेल्या गटात ५१ टक्के. प्रार्थना होणार हे ज्यांना नक्की सांगितलं होतं, त्यांच्यात हे प्रमाण ५९ टक्के निघालं! प्रार्थना बाधते असा याचा अर्थ कुणी काढू नये. पण गुण येतो म्हणणाऱ्यांनी विज्ञानाची साक्षही काढू नये.

हा नास्तिकांचा कुजकेपणा, असं म्हणून हात झटकता येणार नाहीत. देहूच्या तुकोबांनी नवसाची टर उडवली, ती विठ्ठलाच्या पायाशी बसून. १८६७ साली स्थापन झालेल्या प्रार्थना समाजाचं नावच प्रार्थनेवरून पडलं; रानडे, भांडारकर त्यातले. त्या आस्तिकांचंही मत असं की, प्रार्थना आत्म्याच्या उन्नतीसाठी आहे, ऐहिक फळासाठी नाही.

आता दुसऱ्या बाजूलाही दोन शब्द. ‘मग हात जोडणंच बंद करा’ म्हणणारे उतावळे विवेकवादी मला पटत नाहीत. आपला विरोध देवाला नाही, देवाच्या नावावर चालणाऱ्या फसवणुकीला आहे, असं डॉ. नरेंद्र दाभोलकर सांगत राहिले. २० ऑगस्ट २०१३ ला ओंकारेश्वराजवळच्या ज्या पुलावर त्यांना गोळ्या घातल्या, त्या पुलाला नाव आहे महर्षी विठ्ठल रामजी शिंदे यांचं. शिंदे प्रार्थना समाजाचे प्रचारक. उपासनेवरून उठून ते अस्पृश्यांच्या वस्तीत गेले आणि १९०६ मध्ये त्यांनी डिप्रेस्ड क्लासेस मिशन काढलं.

प्रार्थनेची माझी कसोटी हीच : हात जोडून झाल्यावर माणूस उठून कुठे जातो? १८९७ च्या प्लेगात सावित्रीबाई फुले आजारी मुलाला पाठीवर घेऊन आपला डॉक्टर मुलगा यशवंतराव याच्या दवाखान्याकडे निघाल्या. निर्मिकाला, म्हणजे सृष्टीच्या निर्मात्याला, मानणाऱ्या परंपरेतल्या त्या. त्याच्यावर भार टाकून घरी बसल्या नाहीत. त्याच साथीत १० मार्चला त्या गेल्या. ‘त्यांना देव का पावला नाही?’ हा प्रश्न विचारतानाच किती खुजा वाटतो!

दगडूशेठच्या ट्रस्टकडून ससूनमधल्या रुग्णांना मोफत जेवण जातं. तुमच्या अभिषेकाचे पैसे तिथल्या ताटात पोचत असतील, तर बाप्पा पावला हे मलाही कबूल आहे.

सहकाऱ्यासाठी प्रार्थना जरूर करा. घाईच्या दिवसात दहा मिनिटं दुसऱ्याचं नाव मनात धरणं ही छोटी गोष्ट नाही. पण त्याला चढवायच्या प्लेटलेट वीस ते चोवीस अंशांवर, सतत हलत्या ठेवून, जेमतेम पाच दिवस टिकतात. त्यांचा साठा करून ठेवता येत नाही, कुणीतरी येऊन ताज्या द्याव्या लागतात. यंत्राला हात जोडून तास-दीड तास पडून राहायचं, हेही हात जोडणंच!

असा पडून राहिलेला माणूस बहुतेकदा दुसऱ्याच मजल्यावरचा असतो. ‘बाप्पा पावला’ हा निरोप त्याच्यापर्यंत पोचतही नाही, कारण तो ग्रुपमध्ये नसतो. ग्रुपमध्ये बाप्पाही नसतो म्हणा. पण दोघांपैकी एकाला फोन लावता येतो.