उंबरठ्याबाहेर थांबा

तारण नेण्यासाठी ऋणकोच्या घरात शिरू नये, धनकोने बाहेरच थांबावे, असा दंडक अनुवादाच्या 24 व्या अध्यायात आहे. आपला 2002 सालचा सरफेसी कायदा नेमका उलट चालतो. हप्ता 90 दिवसांहून अधिक थकला की कर्ज अनुत्पादित. मग 60 दिवसांची नोटीस. आणि पुढे न्यायालयाच्या निवाड्यावाचून राहत्या घराचा ताबा! याच कायद्याने शेतजमिनीला अभय दिले आहे. ते योग्यच. परंतु ज्या वसईकराची शेती केव्हाच गेली व दोन खोल्यांची सदनिका तेवढी उरली, त्याने काय करावे?

कर्ज बुडवा, असे आम्ही म्हणत नाही. ऋण फेडलेच पाहिजे. मात्र आजारपणाने वा नोकरी सुटल्याने थकलेल्या कुटुंबाला सहा महिन्यांची हप्तेस्थगिती व वाढीव मुदत हक्काने मिळावी. 2020 साली, महामारीत, रिझर्व्ह बँकेने अशीच सहा महिन्यांची मुभा दिली होती. देशावरील संकटात जे जमले, ते एका घरावरील संकटात का जमू नये?

सहकारी बँकांनाही हा कायदा लागू असल्याचे सर्वोच्च न्यायालयाने 2020 सालीच स्पष्ट केले. आपल्या धर्मग्रामांतील कितीतरी कुटुंबे अशा बँकांची भागधारक आहेत. वार्षिक सभेत लाभांशासाठी आवाज चढतात. यंदा किती राहती घरे ताब्यात घेतली, हेही तेथेच विचारावे.