सराव कोणाचा आणि कोणावर?

प्राथमिक शिक्षक घडविण्याच्या आपल्याकडील व्यवस्थेत ‘सराव पाठ’ नावाची जी एक वस्तू आहे, तिच्याइतकी भक्तिभावाने पुजली जाणारी आणि तिच्याइतके थोडे फळ देणारी वस्तू दुसरी क्वचितच सापडेल. हे विधान कित्येकांस अतिशयोक्तीचे वाटेल, आणि ज्यांचे आयुष्य असे पाठ तपासण्यात गेले त्यांस ते बोचेलही. परंतु बारावी उत्तीर्ण होऊन अध्यापक विद्यालयात नुकतीच दाखल झालेली अठरा-एकोणीस वर्षांची मुलगी पहिल्या वर्षी शाळेत जाऊन काय करते आणि काय करीत नाही, हे शांतपणे पाहिल्यास ते कोणालाही पटावे, असा आमचा समज आहे.

प्रथम विषय आणि घटक वाटून दिले जातात. मग छात्राध्यापिका पाठाचे टाचण काढते. उद्दिष्टे, स्पष्टीकरणे, प्रस्तावना, हेतुकथन, विषयप्रतिपादन, दृढीकरण, फलकलेखन, गृहपाठ, अशी ही सारी पंगत. तिने विचारावयाचे प्रश्न तर त्यात लिहावयाचेच, पण मुलांनी द्यावयाची उत्तरेही आगाऊच लिहून ठेवावयाची! टाचण मंजूर होते, रात्र जागून तक्ते रंगविले जातात, आणि दुसऱ्या दिवशी तासाभराहूनही कमी वेळाचा तो सोहळा पार पडतो. मागच्या बाकावर निरीक्षक, त्यांच्या शेजारी निरीक्षण वह्या उघडून बसलेले सहाध्यायी, आणि समोर तीस-चाळीस बालके. ज्यांना उत्तर येते त्यांचे हात वर होतात, त्यांनाच प्रश्न जातात. घंटा होते, तक्ता गुंडाळला जातो, आणि वहीवर शेरा पडतो की आवाज स्पष्ट, फलकलेखन सुबक, वेळेचे भान ठेवावे. भिंतीला टेकून बसलेल्या ज्या मुलाला ‘क’ला काना दिल्याने काय होते हे अजून उमगलेले नाही, त्याच्याविषयी टाचणात, निरीक्षण वहीत किंवा शेऱ्यात एक अक्षरही नसते. उद्या त्याच वर्गावर दुसरी छात्राध्यापिका दुसरा घटक घेऊन येते, परवा तिसरी. सराव होतो तो टाचणाचा, आणि ज्यांच्यावर तो होतो त्या बालकांना त्याचा हिशेब कोणी देत नाही.

या टाचणाच्या सांगाड्याचे मूळ शोधू गेल्यास ‘हर्बार्टची पंचपदी’ हे नाव पुढे येते. गंमत अशी की, हर्बार्ट १८४१ साली वारला, आणि आज आपण जिला पंचपदी म्हणतो तिला तो साचेबंद आकार दिला त्याच्या त्सिलर व राइन या अनुयायांनी. खुद्द हर्बार्टचे शिक्षकपण सुरू झाले ते स्वित्झर्लंडमध्ये, १७९७ ते १८०० या काळात, एका अधिकाऱ्याच्या तीन मुलांचा घरशिक्षक म्हणून. त्या मुलांचे कसे चालले आहे याचे अहवाल तो त्यांच्या वडिलांस लिहून पाठवीत असे. त्यांपैकी पाच आजही उपलब्ध आहेत. तीन मुले आणि सुमारे तीन वर्षे! ज्याने शिक्षणाचे शास्त्र रचले त्याने आरंभ केला तो मुले न्याहाळण्यापासून. आपण त्याच्या नावावर खपणारा सांगाडा तेवढा उचलला आणि न्याहाळणे मागे टाकले. हे म्हणजे वैद्याची औषधांची पेटी घरी आणावी आणि नाडी पाहणे मात्र त्याच्याकडेच राहू द्यावे, तसे झाले.

बरे, हा सांगाडा निदान पुढच्या नोकरीस तरी उपयोगी पडतो काय? २००९च्या शिक्षण हक्क कायद्याच्या परिशिष्टाप्रमाणे पहिली ते पाचवीच्या शाळेत साठपर्यंत मुले असल्यास दोन शिक्षक मिळतात. महाराष्ट्रातील वाड्या-वस्त्यांवरच्या जिल्हा परिषदेच्या असंख्य शाळा याच जातीच्या आहेत. तेथे एका शिक्षकासमोर दोन-तीन इयत्ता एकाच खोलीत बसतात. पहिलीला अक्षरे गिरवावयास देऊन तिसरीचा भागाकार पाहावयाचा, तेवढ्यात दुसरीतल्या दोघांचे भांडण सोडवावयाचे, शालेय पोषण आहाराच्या तांदळाची नोंद करावयाची, आणि या सगळ्यांत कोण मूल आज का आले नाही याचा शोध घ्यावयाचा, हे तेथील अध्यापन. एक इयत्ता, एक विषय, एक घटक आणि घंटेबरोबर सुटका, या हिशेबाने तयार झालेली मुलगी त्या खोलीत पाऊल टाकते तेव्हा तिच्या पेटीतले एकही हत्यार तेथल्या कामाला लागत नाही. मग ती काय करते? स्वतः लहानपणी ज्या शिक्षकाच्या हाताखाली शिकली त्याची नक्कल करते. दोन वर्षांचे प्रशिक्षण उतरणीवरच्या पाण्यासारखे वाहून जाते.

हे आम्हीच प्रथम सांगत आहोत असे मुळीच नाही. १९६४-६६च्या कोठारी आयोगाने शिक्षक-प्रशिक्षणाच्या संस्था शाळांपासून तुटून पडल्या आहेत असे स्पष्ट म्हटले होते. २०११ साली सर्वोच्च न्यायालयाने न्यायमूर्ती जे. एस. वर्मा यांच्या अध्यक्षतेखाली आयोग नेमला. त्याचे निमित्तच मुळी महाराष्ट्रातील २९१ अध्यापक विद्यालयांच्या मान्यतेचा वाद हे होते, आणि तपासणीत त्यांतील बहुसंख्य अपात्र ठरली. पुढे राष्ट्रीय अध्यापक शिक्षण परिषदेच्या २०१४च्या विनियमांनी पदविकेच्या दोन वर्षांत मिळून निदान वीस आठवड्यांची शालेय आंतरवासिता घालून दिली. आठवडे वाढले ही गोष्ट चांगलीच झाली. परंतु जुनेच नाटक अधिक दिवस चालविल्याने ते नाटक असण्याचे थांबत नाही. त्यातून दुसरा एक रोग उद्भवतो, तो असा की, जनगणना, आपत्तिनिवारण आणि निवडणुका या कामांची मुभा कायद्यानेच ठेवलेली असल्यामुळे शाळेतले शिक्षक बाहेर गेले की छात्राध्यापिका रिकाम्या वर्गावर नुसती राखण म्हणून उभी केली जाते. एका टोकाला आरास, दुसऱ्या टोकाला राखणदारी. शिकणे या दोहोंच्या मध्ये कोठे तरी राहून जाते.

आता येथे आक्षेप येईल की, नवशिक्याला सोपे आणि लहान तेच प्रथम द्यावयास नको काय? अवश्य द्यावे. परंतु लहान काम म्हणजे लहान देखावा नव्हे. एका मुलाजवळ बसून त्याच्याकडून एक पान वाचून घेणे आणि तो कोठे अडखळला हे नेमके लिहून ठेवणे, हे पस्तीस मुलांसमोर प्रस्तावना करण्यापेक्षा कितीतरी लहान काम आहे. फरक एवढाच की, त्यात लपवावयास जागा नाही. दुसरा आक्षेप असा की, निरीक्षणाचे काम गुणांत मोजता येत नाही. सुबक फळ्याला गुण देता येतात आणि मुलाच्या चुकीचे अचूक निदान करणाऱ्या टिपणाला देता येत नाहीत, हे आम्हास कबूल नाही. तपासनिसाला त्यासाठी ते मूल स्वतः पाहावे लागेल, एवढाच काय तो त्रास. तिसरा आक्षेप असा की, ज्यांच्या हाताखाली ठेवावे असे शिक्षक तरी आहेत कोठे? आहेत, प्रत्येक तालुक्यात आहेत. पण ज्या शिक्षिकेच्या वर्गात ही मुलगी आठवडेच्या आठवडे बसते, तिच्या मताला त्या मुलीच्या मूल्यमापनात किंमत किती, आणि या जास्तीच्या श्रमाबद्दल तिला मोबदला किती? जिला आपण आज केवळ वर्ग उसना देणारी बाई मानतो, ती वास्तविक या विद्येची गुरू आहे.

कोणी असेही म्हणेल की, महाविद्यालयातल्या प्राध्यापकाने या फंदात का पडावे? कारण साधे आहे. पहिलीत जे वाचन अर्धवट राहिले, त्याचे ओझे पंधरा वर्षांनी आमच्या वर्गात येऊन पडते, आणि तेथे ते उतरविण्याचा इलाज आमच्याजवळ नसतो.

मग करावे काय? पहिल्या वर्षी छात्राध्यापिकेला पाच शाळा आणि वीस घटक दाखवू नयेत. एक शाळा, एक वर्ग, एक शिक्षिका द्यावी, आणि तीही शक्य तो बहुवर्गाची. त्या वर्गातली पाच-सहा मुले तिच्या वहीत यावीत. प्रत्येकाला काय वाचता येते, बेरजेत हातचा कोठे सुटतो, घरची बोली कोणती, कशाने हसू येते आणि कशाने तोंड मिटते, हे तिने नोंदवावे. वह्या तपासाव्यात, गोष्ट सांगावी, मागे पडलेल्या दोघांना घेऊन ओसरीवर बसावे. ज्या दिवशी तिला पाठ घ्यावासा वाटेल त्या दिवशी तो त्या सहा मुलांच्या गरजेतून निघालेला असावा. टाचण मुलांना पाहून लिहावे, टाचण पाहून मुले बसवू नयेत. आणि अध्यापक विद्यालयातील आचार्यांनीही मागच्या बाकावरून उठून वर्षातून काही दिवस त्याच वर्गावर शिकवून दाखवावे. आडात नसेल तर पोहऱ्यात कोठून यावे?

हे स्वप्नरंजन आहे असे ज्यांस वाटते त्यांनी ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांचे काम आठवावे. १९४५ साली बोर्डी येथे आणि पुढे कोसबाडला त्यांनी जी शाळा उभारली, ती मुले येत नाहीत म्हणून तक्रार करीत बसली नाही. मुले अंगणात होती म्हणून अंगणवाडी झाली. गुरे राखावयास कुरणात होती म्हणून कुरणशाळा झाली. मूल कोठे आहे हे आधी पाहावयाचे आणि पाठ मागाहून, हा क्रम त्यांनी याच महाराष्ट्राच्या मातीत घालून दिला आहे.

११ ऑगस्ट २०२३ रोजी सर्वोच्च न्यायालयाने बी.एड. ही पदवी प्राथमिक शिक्षकाच्या पदास पात्रता ठरत नाही, असा निर्णय दिला. लहान मुलांना शिकविणे ही वेगळी विद्या आहे आणि तिची तयारी प्राथमिक शिक्षणाच्या पदविकेत होते, हे त्यामागचे तत्त्व. पदविकेचा एवढा मोठा सन्मान आजवर कोणी केला नसेल. पण न्यायालयाने मानलेली ती विद्या रंगीत तक्त्यांच्या मागे सापडणार नाही. ती भिंतीला टेकून बसलेल्या त्या मुलाजवळ आहे, आणि पहिल्या वर्षीच त्याच्याजवळ जाऊन बसल्यावाचून ती कोणालाही मिळावयाची नाही.